घरच्या छोट्या स्विमिंग पूलसाठी खरंच काय-काय घ्यावं लागतं? (बडोदा)

भायली_वहिनी:
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आम्ही भायलीच्या बंगल्यात राहायला आलो, मागे आधीच्या मालकांनी बांधलेला छोटा पूल आहे, २० फूट बाय १० फूट, एका टोकाला ४ आणि दुसऱ्या टोकाला ५ फूट खोल. पंप जळालेला, फिल्टरची टाकी तडकलेली, म्हणजे टाइल्स सोडून सगळं नव्यानंच घ्यायचंय. एका पूलवाल्याने कोटेशन दिलंय त्यात २ एचपीचा पंप, रोबोट क्लीनर, यूव्ही, ओझोन, सॉल्ट क्लोरिनेटर असं सगळंच आहे आणि रक्कम बघून सासरे म्हणतात पूल बुजवून तिथे मोगरा लावू. उलट आमचे माळीकाका म्हणतात तुरटी फिरवायची, ब्लीचिंग पावडर टाकायची, बाकी काही लागत नाही. मुलं ६ आणि ९ वर्षांची आहेत, उन्हाळा तोंडावर आलाय. पाणी बोअरचं आहे, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर जमतो. खरंच लागणाऱ्या वस्तू कोणत्या ते अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

सिंधरोट_वाडीवाला:
वहिनी, आधी पाणी किती ते काढा, बाकी सगळं त्यावर ठरतं. २० गुणिले १० गुणिले सरासरी साडेचार म्हणजे ९०० घनफूट, घनफुटाला साधारण २८.३ लिटर, म्हणजे तुमचा पूल २५ हजार लिटरच्या आसपास. हे सगळं पाणी ६ तासांत एकदा फिल्टरमधून गेलं पाहिजे, म्हणजे तासाला सव्वाचार हजार लिटर. त्याला २ एचपी कशाला? अर्धा, फार तर पाऊण एचपीचा पूल पंप पुरतो. पंप मोठा आणि फिल्टर लहान असला तर पाणी वाळूतून इतक्या जोरात जातं की वाळूत वाटा पडतात आणि कचरा परत पूलमध्येच येतो. लोक हेच विसरतात, पंपावर पैसे घालतात आणि फिल्टर लहान घेतात. तुम्ही उलट करा, पंप लहान आणि सँड फिल्टर २० इंची घ्या. १६ इंचीवरही चालेल पण आपल्याकडे धूळ किती उडते ते भायलीत राहणाऱ्याला सांगायला नको.

वाळू फिल्टरचीच घ्या, ०.४ ते ०.८ मिमीची सिलिका सँड, नदीची रेती चाळून भरणारे भेटतील त्यांना नाही म्हणा. टाकीवर प्रेशर गेज असतं, वाळू नवी असताना काटा कुठे आहे तिथे मार्करने खूण करून ठेवा. काटा खुणेच्या ८-१० पीएसआय (दाबाचं माप) वर गेला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं फिरवून वाळू धुवायची, व्हॉल्व्हच्या काचेतलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, मग अर्धा मिनिट रिन्स (सुलट धुणं) आणि परत फिल्टरवर. आणि हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, पंप बंद केल्याशिवाय व्हॉल्व्हचं हँडल फिरवायचं नाही, आतली गॅस्केट निसटते आणि मग बॅकवॉशच्या लाइनमधून पाणी गळत राहतं ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

हाताची अवजारं चारच, लांब होणारा ॲल्युमिनियमचा दांडा, पानं काढायची जाळी, नायलॉनचा ब्रश आणि व्हॅक्यूम हेड त्याच्या पाइपसकट. व्हॅक्यूम लावताना पाइपचं मोकळं टोक रिटर्नच्या, म्हणजे फिल्टरचं पाणी पूलमध्ये परत येतं त्या तोंडावर धरा, पाणी आत शिरून दुसऱ्या टोकाने बुडबुडे यायचे थांबले की मगच स्किमरला (वरचं पाणी पंपाकडे ओढणारं भिंतीतलं तोंड) जोडा, नाहीतर पंप हवा ओढतो. आणि हेड अगदी हळू सरकवायचं, घाई केली की तळाची माती उठते आणि मग संध्याकाळपर्यंत ती खाली बसायची वाट बघावी लागते. रोबोट चांगला असतो, पण एवढ्या पूलला दांडा-ब्रश घेऊन अर्ध्या तासात काम होतं, तो नंतर कधीही घेता येईल.

नंदेसरी_रिटायर्ड:
वर सांगितलेलं सगळं बरोबर, पण माझ्या मते सगळ्यात आधी घ्यायची वस्तू टेस्ट किट. लोक पंपाला हजारो घालतात आणि किटला हात आखडता घेतात. पाणी काचेसारखं दिसलं तरी त्यात क्लोरीन शून्य असू शकतो आणि ते डोळ्यांना कळत नाही. दुकानात पिवळा रंग येणारं स्वस्त किट मिळतं, ते एकूण क्लोरीन दाखवतं, त्यात घाम-लघवीशी जोडला गेलेला निकामी क्लोरीनही मोजला जातो. तुम्हाला गुलाबी रंग येणारं डीपीडी किट हवं, ते फ्री क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला मोकळा असलेला, वेगळा सांगतं. पूलजवळ उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात, तेव्हा सगळे म्हणतात क्लोरीन जास्त झाला, बहुतेक वेळा तो हाच जोडलेला क्लोरीन असतो आणि फ्री क्लोरीन कमी पडलेला असतो.

फ्री क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली ते) ७.२ ते ७.६, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) ८० ते १२० पीपीएम. पीएच ७.५ ला क्लोरीनचा साधारण अर्धा भाग कामाच्या रूपात असतो, ८ ला जेमतेम पाव. बोअरच्या पाण्याने पीएच वर सरकत राहतो म्हणून आठवड्यातून दोनदा तरी बघा. ॲसिड लागलं तर बादलीत आधी पाणी, मग त्यात ॲसिड, उलटं कधीही नाही.

आता क्लोरीन कोणता. ब्लीचिंग पावडरमध्ये चुना असतो, पाणी दुधाळ होतं आणि तुमचं पाणी आधीच जड, त्यामुळे ती नको. ग्रॅन्युलवालं कॅल्शियम हायपो (हायपोक्लोराइट) सुद्धा कॅल्शियम वाढवतं. टीसीसीए नावाच्या क्लोरीनच्या २०० ग्रॅमच्या टॅब्लेट सोप्या, पण प्रत्येक टॅब्लेटबरोबर सायन्युरिक ॲसिड पाण्यात राहतं, तुमच्या पूलमध्ये एका टॅब्लेटने ४ पीपीएमच्या वर. ते थोडं हवंच, ३० पीपीएमच्या आसपास, नाहीतर मे महिन्याचं ऊन क्लोरीन दोन-तीन तासांत उडवून टाकतं. पण आठवड्याला दोन टॅब्लेट टाकत गेलं तर एका उन्हाळ्यात ते १०० वर जातं आणि मग किट क्लोरीन दाखवतं तरी पाणी हिरवं होतं, कारण क्लोरीन बांधला जातो. ते कुठल्या औषधाने जात नाही, थोडं पाणी काढून नवं भरावं लागतं. म्हणून सुरुवातीच्या टॅब्लेटने ३० गाठा आणि पुढे लिक्विड सोडियम हायपो वापरा. १० टक्केवालं असेल तर तुमच्या पूलला पाव लिटरने १ पीपीएम वाढतं, संध्याकाळी ऊन उतरल्यावर टाकायचं. कॅन सावलीत ठेवा आणि थोडं-थोडंच आणा, उन्हाळ्यात त्याचा जोर लवकर उतरतो.

दांडियाबाजारी:
माझं थोडक्यात. उत्तरायणानंतर (संक्रांतीच्या पतंगांनंतर) पूलमध्ये मांजा असतो, दिसत नाही पण असतो, तो पंपात गेला की इंपेलरला (आतल्या फिरत्या चाकाला) गुंडाळतो, तेव्हा १५ जानेवारीला स्किमरची टोपली आणि पंपाची टोपली दोन्ही उघडून बघा. अंगणात कडुनिंब असेल तर आता पानगळ आणि पुढे निंबोण्या, त्यावर एकच उपाय, रात्री ताडपत्री किंवा पूल कव्हर. कव्हरने पाणीही कमी उडतं.

भायली_वहिनी:
सगळ्यांचे खूप आभार, नंदेसरीच्या काकांचं सायन्युरिकचं तर त्या पूलवाल्याने एका शब्दानेही सांगितलं नव्हतं. दोनच शंका. तुरटी अजिबात वापरायची नाही का? आणि पावसाळ्यात कोणी पोहणार नाही तर पूल रिकामा करून ठेवला तर चालेल का? यूव्ही आणि ओझोन नको असं पक्कं समजू ना?

नंदेसरी_रिटायर्ड:
यूव्ही-ओझोनने पाणी त्या पाइपातून जाताना शुद्ध होतं, पूलमध्ये मागे काही उरत नाही, म्हणून क्लोरीन लागतोच. सॉल्ट क्लोरिनेटरही मिठापासून क्लोरीनच बनवतो, तुमच्या जड पाण्यात त्याच्या प्लेटांवर थर बसत राहील. तुरटीबद्दल माळीकाका पूर्ण चुकीचे नाहीत, गढूळ पाण्यातली माती ती खाली बसवते. पण जंतू मरत नाहीत आणि पीएच उतरतो. वापरलीत तर पंप बंद करून रात्रभर राहू द्या आणि सकाळी व्हॅक्यूम करताना व्हॉल्व्ह वेस्टवर (पाणी थेट बाहेर) ठेवा, फिल्टरवर ठेवलात तर तो गाळ वाळूत जाऊन बसेल.

सिंधरोट_वाडीवाला:
पावसाळ्यात रिकामा अजिबात ठेवू नका वहिनी. आपली काळी माती पाण्याने फुगते आणि जमिनीतलं पाणी वर आलं की रिकामा पूल खालून उचलला जातो, तळाला तडे जातात. भरलेलाच ठेवा, रोज ३-४ तास पंप चालवा, पावसाने पाणी काठाला आलं तर वेस्टवर थोडं काढा. आणि विश्वामित्री नदीला पूर आला की मगरी सोसायट्यांत फिरतात, २०२४ च्या ऑगस्टमध्ये सगळ्यांनी पाहिलंय, तेव्हा अशा दिवसांत पूलजवळ जायच्या आधी लांबून टॉर्च मारून बघा, काही दिसलं तर वनखात्याला फोन, आपण काठी घेऊन जायचं नाही.

मांजलपूर_वायरमन:
कोटेशनमध्ये नसलेल्या दोन गोष्टी माझ्याकडून. पंपाच्या आणि पूलच्या लाइटच्या लाइनला ३० मिलीॲम्पिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग, महिन्यातून एकदा तिचं टेस्टचं बटण दाबून बघायचं. आणि पूलभोवती निदान ४ फुटांचं कुंपण, दार आपोआप बंद होणारं, कडी मुलांचा हात पोचणार नाही इतकी वर. ६ वर्षांचं मूल घरात आहे, रोबोटचे पैसे यात घाला. काठावर एक रिंग आणि लांब दांड्याचा आकडा कायम टांगलेला हवा.

भायली_वहिनी:
कुंपणाचं सासऱ्यांना लगेच पटलं, उद्याच फॅब्रिकेशनवाल्याला माप घ्यायला बोलावतोय. पूलवाल्याला पाऊण एचपी आणि २० इंची फिल्टरचं नवं कोटेशन मागितलंय. डीपीडी किट कुठे मिळेल?

नंदेसरी_रिटायर्ड:
पूल केमिकलवाल्यांकडे किंवा ऑनलाइन, फक्त रिएजंटची एक्स्पायरी बघून घ्या. आणि टॅब्लेट आणाल तेव्हा डबा वेगळ्या फळीवर, कोरड्या जागी. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपो एका भांड्यात किंवा एकाच ओल्या पळीने कधीही हाताळू नका, आग लागते. ॲसिडचा कॅन तर त्या खोलीतच नको.