मावशीच्या कॉम्प्युटरवर ‘५ व्हायरस’

मावशी: अरे कोणी आहे का? कॉम्प्युटरवर लाल पाटी आलीय, ‘५ व्हायरस सापडले’. खाली फोन नंबर आहे. लावू?

दादा: अजिबात नको!! नंबर दिलाय म्हणजेच खोटं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो.

मावशी: बंदच होत नाहीये रे. वर भोंगा वाजतोय.

दादा: एस्केप दाबून धर. नाही गेलं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात ब्राउझर निवडून ‘एंड टास्क’. ब्राउझर परत उघडल्यावर जुनी पानं आणू का विचारलं, तर नाही म्हण.

मावशी: गेलं बाई एकदाचं. पण कोपऱ्यात टिंग टिंग चालूच आहे.

ताई: कुठल्यातरी साइटवर ‘रोबोट नसाल तर अलाउ दाबा’ आलं असेल. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी असते, अनोळखी नावं उडव.

मामा: एवढं कशाला? पैसे भरून चांगला अँटिव्हायरस घ्या, विषय संपला.

दादा: मामा, विंडोजमध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस असतोच. पण परवानगी आपणच दिली तर तो काय करणार? मावशीकडे सगळे अ‍ॅडमिन अकाउंटवर, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यावर बसतात, छोटूचे क्रॅक केलेले गेमसुद्धा त्यावरच. गेमसोबत सूचना काय, तर ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’! चोरानेच सांगायचं, कुत्रा बांधून ठेवा.

छोटू: मी काही नाही केलं 🙄

ताई: हो, कॉम्प्युटरनेच केलं.

दादा: प्रत्येकाला वेगळं स्टँडर्ड, म्हणजे कमी अधिकारांचं अकाउंट करा. अ‍ॅडमिनचा पासवर्ड फक्त मावशीकडे. बहुतेक इन्स्टॉलला तो लागतो, मग येईलच छोटू विचारायला.

मामा: आमचं विंडोज १० मस्त चाललंय हं.

दादा: चालेल, पण १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला. जादा मुदतीच्या अपडेटसाठी नोंदणी केली नसेल तर सुरक्षेतली नवी भोकं बुजणार नाहीत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर पसरलं. ते ज्या भोकातून शिरलं, ते बुजवणारा पॅच (दुरुस्तीचं अपडेट) मार्चमध्येच आला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता ते अडकले.

मावशी: आणि माझे फोटो? बाहेरची हार्ड डिस्क कायम लावलेलीच असते.

ताई: आधी काढ ती! रॅन्समवेअर आलं तर जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही लॉक करतं. कॉपी झाली की डिस्क कपाटात.

मावशी: काढली. अ‍ॅडमिनचा पासवर्डही ठरवला, बघा बरोबर आहे का…

दादा: मावशी, ग्रुपवर नको!! छोटू आहे इथे.

छोटू: 😇