३५५ ड्रॅग इंजिन, १५० चा नायट्रस: रिंगा कोणत्या, गॅप किती?

प्रश्न
शेव्हीचा (शेव्हरोलेचा) ३५० घन इंचाचा ब्लॉक ३० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हर केलाय, म्हणजे सिलिंडर तेवढे रुंद केलेत. बोअर ४.०३० इंच, इंजिन ३५५ घन इंच. पिस्टन फोर्ज्ड, रिंगांच्या खाचा १/१६, १/१६ आणि ३/१६ इंच. १५० हॉर्सपॉवरचा नायट्रस (ताकद वाढवायला इंजिनात सोडायचा नायट्रस ऑक्साइड वायू), गाडी फक्त पाव मैलाला पळणार. क्रोम रिंगा जास्त टिकतात म्हणतात. त्या घेऊ की मॉली (मॉलिब्डेनमचा थर असलेल्या)? वरच्या रिंगेच्या दोन टोकांमध्ये १८ थाऊ गॅप पुरेल का?

उत्तर १
क्रोम नको. धुळीत चालणाऱ्या इंजिनाला ती बरी, पण बसायला फार वेळ घेते आणि ड्रॅगच्या इंजिनाला तेवढा वेळ मिळत नाही. वरची रिंग डक्टाइल आयर्नची (न तडकता वाकणाऱ्या बिडाची), प्लाझ्माने मॉलीचा थर दिलेली घ्या. साध्या बिडाची मॉली रिंग नायट्रसवर धोक्याची: डेटोनेशन (मिश्रणाचा अवेळी स्फोट) झालं की बीड तडकतं, डक्टाइल मार सोसते. दुसरी रिंग बिडाची चालेल, तिच्यापर्यंत उष्णता कमी पोचते. मात्र नेपियर घ्या, खालच्या कडेला हुकासारखी खाच असलेली. तेल खरवडायचं काम ती चांगलं करते. क्रँककेसला व्हॅक्यूम पंप नसेल तर ऑइल रिंग (सगळ्यात खालची) लो-टेन्शनची, म्हणजे भिंतीवर कमी दाबणारी, नको. तेल चेंबरमध्ये चढलं की मिश्रणाचा ऑक्टेन घसरतो आणि पुन्हा तेच डेटोनेशन.

उत्तर २
१८ थाऊ हा नायट्रसशिवायचा हिशोब, बोअर गुणिले ०.००४५. तुम्ही ०.००५५ धरा: वरची २२ थाऊ. दुसरी २४, कारण दोन रिंगांमध्ये अडकलेला दाब खाली सुटला नाही तर वरची रिंग उचलली जाते. ऑइल रेल (ऑइल रिंगेच्या पातळ पट्ट्या) किमान १५. पुढे नायट्रसचा मोठा शॉट (मात्रा) लावणार असाल तर आत्ताच वरची २८ करा. पिस्टनच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

बोअरपेक्षा ५ थाऊ मोठा फाइल-फिट सेट (घासून गॅप जुळवायच्या रिंगा) मागवा. रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये टाका, उलट्या पिस्टनने इंचभर खाली सरळ ढकला, मग फीलर गेजच्या पात्यांनी गॅप मोजा. एकच टोक घासा आणि घासताना बाहेरून आतल्या दिशेनेच, नाहीतर मॉलीचा टवका उडतो. शेवटी ऑइल स्टोनने बर (घासताना उठलेली धारदार कड) काढा.

प्रश्नकर्ता
तीन नंबरच्या सिलिंडरची वरची रिंग घासताना गॅप २६ थाऊ झाली. नवी रिंग मागवू?

उत्तर २
नको, तीच बसवा. चार थाऊने ताकदीत फरक जाणवणार नाही. कमी गॅप मात्र इंजिन खाते: नायट्रसच्या उष्णतेत रिंग फुगते, टोकं भिडतात, रिंग बोअरमध्ये आवळते आणि पिस्टनचा वरचा काठच उपटून येतो.

उत्तर ३
होनिंग (बोअर दगडाने घासून गुळगुळीत करणं) टॉर्क प्लेट, म्हणजे हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट, लावून झालंय का, ते आधी विचारा. हेडचे बोल्ट आवळले की बोअर वाकतो. प्लेटशिवाय गोल केलेला बोअर हेड बसल्यावर गोल राहत नाही, मग रिंग कितीही महागडी असो. मॉलीला ४०० ग्रिटचं फिनिश योग्य.

होननंतर बोअर पेट्रोलने किंवा रॉकेलने धुऊ नका, ग्रिट रेघांतच राहते. गरम पाणी, साबण, ब्रश. मग पांढरं फडकं तेलात भिजवून पुसा, ते स्वच्छ निघेपर्यंत. बसवताना रिंगेचा ठिपका वर, पहिल्या दोन रिंगांचे गॅप पिस्टनच्या विरुद्ध बाजूंना. सुरुवातीला सिंथेटिक तेल टाळा आणि आयडलवर रेंगाळू नका, रिंग दाबानेच बसते. लीक-डाउनचा (सिलिंडरमधून किती हवा गळते त्या चाचणीचा) आकडा दोन-तीन वेळा सारखा आला, मगच नायट्रसची बाटली उघडा.