नगरपरिषदेच्या राजकारणावर सदर लिहू का?

दौतटाक: जिल्हा दैनिकाच्या तालुका आवृत्तीत दोन वर्षं वार्ताहर आहे. संपादक म्हणाले, नगरपरिषदेच्या राजकारणावर दर सोमवारी सदर लिही. मानधन नावापुरतं. यात पुढे काही आहे का? आणि टोपणनाव घेतलेलं बरं का?

जुनी शाई: 19 वर्षं हेच केलं. पोट शिकवण्यांवर चाललं, हे आधीच सांगतो.

मी टपरीवरच्या कुजबुजीपासून सुरुवात केली. 'अमुक गट नाराज' असं लिहिलं की गावभर चर्चा. मग कळलं, तेच नाराज माझं कात्रण वरच्या नेत्यांना दाखवून समितीचं सभापतिपद पदरात पाडून घेतात. हे लक्षात यायला मला तीन वर्षं लागली, काय सांगू.

नंतर सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं मागवू लागलो. माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपये आणि 30 दिवसांची वाट. एका पाणीयोजनेवर सभेत टेबल बडवणारे नगरसेवक त्याच ठरावाचे अनुमोदक निघाले. सूचक सत्ताधारी, अनुमोदक हे. ते छापलं त्या आठवड्यात नेहमीचे कौतुकाचे फोन आले नाहीत, वकिलाची नोटीस आली. इतिवृत्ताची प्रमाणित प्रत हाताशी होती, म्हणून प्रकरण तिथेच थांबलं.

टोपणनावाचं म्हणशील तर खुशाल घे, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं 356, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. लेखक कोण हे तालुक्यात दुसऱ्या सोमवारी सगळ्यांना माहीत असतं.

ऐनवेळचा विषय: काका, पण 2022 पासून कितीतरी ठिकाणी नगरसेवकांऐवजी सरकारी अधिकारी, म्हणजे प्रशासकच होता. सभाच नाही तर इतिवृत्त कुठलं?

जुनी शाई: प्रशासकीय ठराव असतात की! सूचक नाही, अनुमोदक नाही, खाली एकच सही. माजी नगरसेवक 'आमच्या हातात काही नाही' म्हणत फिरायचे. मी ठराव मागवले, तर कामं नेमकी माजी पदाधिकाऱ्यांच्या गल्ल्यांतून चाललेली. माझे सगळ्यात चांगले लेख त्याच काळातले.

बाकी दौतटाक, एक विचारतो. वाढदिवसाच्या पुरवणीच्या जाहिराती तूच गोळा करतोस का? मी एकदा एका नेत्याचं पूर्ण पान आणलं होतं. पुढचे पाच सोमवार मी पावसावर लिहिलं.

दौतटाक: मीच करतो. खरं सांगू का, कमिशन मानधनापेक्षा जास्त मिळतं.

जुनी शाई: मग ते काम दुसऱ्या कुणाला देता का, हे संपादकांना आधी विचार. ते काय म्हणतात ते इथे सांग. सदराचं नाव वगैरे मग बघू.