प्रति: एंगेजमेंट रेट कसा काढायचा?

एंगेजमेंट रेट म्हणजे पोस्टला किती टक्के लोकांनी प्रतिसाद दिला ते. या चर्चेत वर बऱ्याच जणांनी तो काढताना लाइक-कमेंटच्या बेरजेला फॉलोअर्सच्या संख्येने भागलंय. माझं मत, भागायचं ते रीचने, म्हणजे पोस्ट जितक्या जणांना दिसली त्या संख्येने. समजा फॉलोअर्स १०,०००, पोस्ट पोचली ८०० जणांपर्यंत आणि ४० जणांनी दाद दिली. फॉलोअर्सने भागलं तर ०.४ टक्के, रीचने ५ टक्के. ज्यांना पोस्ट दिसलीच नाही, त्यांच्या गप्प बसण्याचं खापर मजकुरावर का फोडायचं?

भाजकाचा घोळ मोठ्यांकडूनही होतो. फेसबुकने २०१६ मध्ये कबूल केलं की व्हिडिओ पाहण्याची सरासरी वेळ फुगलेली होती. तीन सेकंदांच्या आत निघून गेलेले प्रेक्षक त्यांनी भाजकात धरलेच नव्हते.

शॉर्ट्स, म्हणजे यूट्यूबवरचे छोटे उभे व्हिडिओ टाकणाऱ्यांनी तर व्ह्यूजने भागताना फार जपून राहावं. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबवर शॉर्ट नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरतात, पुन्हा वाजला की पुन्हा. त्याआधीच्या व्हिडिओंशी तुलना करायची असेल, तर ॲनालिटिक्समधले 'एंगेज्ड व्ह्यूज' बघा, ती जुनीच मोजणी आहे.

आणि हो, कमेंटच्या आकड्यातून आपण स्वतः दिलेली उत्तरं आधी वजा करा. सेव्ह आणि शेअर मी लाइकमध्ये मिसळत नाही, वेगळ्या रकान्यात लिहितो. रेसिपीच्या पोस्टला लाइक बेताचे असतात, पण लोक ती जपून ठेवतात.