डायलिसिसवर असताना व्हिटॅमिन डी द्यायचं का? बाबांच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचलंय

लालबागची_लेक:
बाबा ६२ वर्षांचे, दोन वर्षं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा परळला घेऊन जाते. परवा हाताचा एक्सरे काढला तर हाडाच्या बाजूने खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ, डॉक्टर म्हणाले रक्तवाहिनीत कॅल्शियम साचलंय. व्हिटॅमिन डी पण १४ च आलंय. शेजारच्या काकू म्हणतात मेडिकलमधून डीचं ६०,००० युनिटचं पाकीट आण नि दर रविवारी दुधातून दे. पण आधीच कॅल्शियम साचलंय, मग डी दिल्यावर अजून साचणार नाही का? ओपीडीत एवढी गर्दी की विचारायचं राहूनच गेलं, रात्रभर तेच डोक्यात.

डायलिसिस_टेक्निशियन:
ताई, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही चालू करू नका. पाकिटातलं डी कच्चं असतं, ते कामाचं बनवायचं शेवटचं काम मुख्यतः किडनी करते आणि तीच बंद पडलीय. म्हणून बऱ्याच पेशंटना तयार डी म्हणजे कॅल्सिट्रिऑल देतात, पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोन) फार वाढलं की. पण त्याने आतड्यातून कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही जास्त शोषलं जातं, ते वाढलं की वाहिन्या कडक होतात. तुमची भीती बरोबर आहे.

आईची_सोबत:
माझ्या आईचं हेच झालं, कॅल्सिट्रिऑल चालू होतं आणि तीन महिने रक्त तपासलंच नाही, कॅल्शियम ११.४ वर गेलं, मग गोळी बंद केली. आणि फॉस्फरस कमी करायची गोळी जेवणासोबतच द्यायची हो, आम्ही कितीतरी दिवस उपाशीपोटी देत होतो, काही उपयोगच नाही! सुके बोंबील, कोला पण बंद करा.

वाचणारा_माणूस:
२०१७ मध्ये चंदीगडच्या पीजीआय हॉस्पिटलचा अभ्यास आला होता, किडनीचे १२० पेशंट, त्यांना डीचे दोन मोठे डोस दिले तर रक्तवाहिन्या जास्त चांगल्या फुलायला लागल्या. पण ते डायलिसिसवर नव्हते, डायबेटिसवालेही नव्हते आणि डी सगळ्यांचं कमी होतं. उलट जपानमध्ये डायलिसिसच्या ९७६ पेशंटवर अल्फाकॅल्सिडॉल (किडनीची गरज न लागणारं डी) वापरून बघितलं, २०१८ ला निकाल आला, हार्टचे त्रास कमी झालेच नाहीत. म्हणजे कमतरता भरून काढणं वेगळं आणि हार्ट वाचेल म्हणून देणं वेगळं.

लालबागची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. पाकीट आणलेलं ते तसंच ठेवलंय. उद्या डायलिसिसच्या आधी कॅल्शियम, फॉस्फरस, पीटीएच तिन्हीसाठी रक्त द्यायला सांगते आणि रिपोर्ट घेऊनच डॉक्टरांसमोर बसते.