घराभोवतीच्या बागेचा आराखडा कॉम्प्युटरवर करायचाय, कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

साखळीकर_परस
नमस्कार मंडळी. गोव्यात साखळीजवळ आमचं घर आहे, बांधकाम संपलंय आणि आता भोवतालची जागा नीट लावायची आहे. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला परस, आणि जमीन रस्त्याकडून परसाकडे उतरती आहे, म्हणजे पावसात सगळं पाणी मागेच येतं. एक जुना फणस आहे तो ठेवायचाच आहे. बाकी दोन माड, एक मानकुराद आंब्याचं कलम, आबोली, मोगरा, कडीपत्ता आणि थोडी भाजी एवढं मनात आहे, भाजी घराच्या उत्तर बाजूला लावावी म्हणतेय कारण स्वयंपाकघराचं दार तिकडे उघडतं. मोबाइलवर एक ॲप टाकलं, त्यात घराचा फोटो काढून त्यावर झाडं चिकटवता येतात, दिसतं खूप छान पण त्यातली झाडं सगळी परदेशातली, आणि किती फुटांवर काय लावायचं ते काहीच कळत नाही. कॉम्प्युटर मला बऱ्यापैकी येतो, पैसे भरून घ्यायचं नाहीये. कोणी असा आराखडा स्वतः केलाय का?

फोंड्याचा_माळी
ताई, ते फोटोवालं ॲप घरच्यांना दाखवायला ठीक, त्यावर झाडं लावू नका. फोटोत माप नसतं, आणि बागेचं सगळं गणित मापावरच आहे.

स्वीट होम थ्रीडी बघा. फुकट आहे, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालतं. मुळात घराच्या आतल्या मांडणीसाठी आहे पण बाहेरची जागाही त्यात चांगली काढता येते. तुमच्याकडे सर्व्हे प्लॅन असेल त्याचा स्कॅन मागे चित्र म्हणून टाका, मग ज्याची लांबी तुम्हाला माहीत आहे अशी एक रेघ त्यावर दाखवून आकडा भरा की सगळं मापात बसतं. दुसरा पर्याय स्केचअप, त्याची फुकटची आवृत्ती ब्राउझरमध्येच चालते, आणि लोकांनी बनवून ठेवलेली तयार मॉडेलं त्यात मिळतात, माडसुद्धा मिळतील. पण माडाचं मॉडेल शोधण्यात वेळ घालवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. झाडाच्या जागी साधं वर्तुळ काढा, फक्त ते वर्तुळ झाड पूर्ण वाढल्यावर जेवढं पसरेल तेवढं काढा. दोन माडांमध्ये 25 फूट लागतात, मानकुरादचं कलम म्हटलं तरी 30 फूट धरायचे. ही तीन वर्तुळं आणि फणसाची सावली एकदा प्लॅनवर टाकलीत की उरलेली जागा किती कमी आहे ते लगेच दिसेल, नर्सरीत गेल्यावर हात आखडता राहतो.

सेप्टिक टँक, विहीर, पाण्याची पाईप, वरून जाणारी विजेची तार हे सगळं आधी काढा आणि झाडं नंतर. गाडी जिथे उभी राहते तिथे माडाचं वर्तुळ नको, नारळ आणि सुकी चुडतं म्हणजे झावळ्या दोन्ही पडतात.

गूगल_अर्थवाला
मी गूगल अर्थ प्रो सुचवेन, फुकट आहे आणि त्यात पट्टी आहे मापायला. सरळ वरून घर दिसतं, बसल्या जागी माप मिळतं.

फोंड्याचा_माळी
मोकळ्या प्लॉटवर चालेल बाब, पण साखळीत झाडीतलं घर वरून बघितलं तर फणसाचा माथा आणि कौलं एवढंच दिसणार, कुंपण कुठे आहे ते कळणार नाही. त्यापेक्षा टेप घेऊन बाहेर पडा. प्रत्येक झाडाचं अंतर घराच्या दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांपासून मोजायचं, समजा फणस एका कोपऱ्यापासून 22 फूट आणि दुसऱ्यापासून 31, मग कॉम्प्युटरवर त्या दोन कोपऱ्यांवरून त्या मापाची वर्तुळं काढली की ती जिथे छेदतात तिथे फणस. ती दोन जागी छेदतात पण घराच्या कुठल्या बाजूला झाड आहे ते आपल्याला माहीतच असतं. काटकोन वगैरे जमिनीवर धरत बसावं लागत नाही.

उन्हाचा_हिशोब
माझा मुद्दा भाजीचा आहे. ताई उत्तरेला भाजी लावू नका, निदान हिवाळ्याची तरी नको.

गोवा साधारण साडेपंधरा अक्षांशावर येतो. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून जेमतेम 51 अंश वर. म्हणजे 12 फूट उंचीची पागोळी असेल तर तिची सावली उत्तरेला जवळजवळ 10 फूट पडते. आणि सकाळ-संध्याकाळही सूर्य दक्षिणेच्याच अंगाने उगवतो आणि मावळतो, त्यामुळे घराला लागून उत्तरेची पट्टी त्या दिवसांत दिवसभर सावलीतच राहते. आणि आपली तांबडी भाजी, मुळा, मिरची, वांगी हे सगळं नेमकं त्याच महिन्यांत करायचं असतं! मे-जूनमध्ये उलटं होतं, मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे जातो, मग उत्तरेला ऊन येतं, पण जूनपासून ढग आणि पाऊस, त्या उन्हाचा भाजीला काय उपयोग.

हे सॉफ्टवेअरमध्ये बघता येतं आणि माझ्या मते सॉफ्टवेअर वापरायचं खरं कारण हेच आहे. स्वीट होममध्ये कंपास असतो त्यात उत्तर दिशा आणि अक्षांश रेखांश भरायचे, मग फोटो तयार करताना तारीख आणि वेळ द्यायची, त्या वेळच्या सावल्या पडलेल्या दिसतात. स्केचअपमध्येही सावलीसाठी तारीख वेळ बदलता येते. 21 डिसेंबर आणि मेचा मध्य, सकाळी नऊ, दुपारी साडेबारा, संध्याकाळी चार एवढे बघितले तरी पुरे. आणि विश्वास बसत नसेल तर आत्ता डिसेंबरच चालू आहे, साडेबाराला उत्तरेच्या दारात उभ्या राहा आणि सावली कुठवर येते तिथे खडूने रेघ मारा. आपल्याकडे सूर्य मध्यावर यायला घड्याळात साधारण साडेबारा होतात, बाराला मारू नका.

उत्तरेला आळू, हळद, आलं लावा, मिरवेल म्हणजे काळ्या मिरीचा वेल फणसावर चढवा. मोगऱ्याला भरपूर ऊन द्या, आबोलीला थोडी सावली चालते.

साखळीकर_परस
अरे बापरे, हे कुणीच सांगितलं नव्हतं. आज दुपारी रेघ मारली, सावली दारापासून चांगली पुढे गेलीये. भाजी दक्षिणेला नेते, दार लांब पडलं तरी चालेल. उताराचं काय करायचं? ते सॉफ्टवेअरमध्ये दाखवता येतं का?

फोंड्याचा_माळी
स्वीट होममध्ये जमीन सपाटच धरली जाते, उतारासाठी झगडत बसू नका. गवंडी लोक पारदर्शक पाईपमध्ये पाणी भरून लेव्हल काढतात ना, तशी रस्त्याकडून परसापर्यंत दर दहा फुटांवर काढा आणि ग्राफपेपरवर बाजूने उतार काढा. पाईपमध्ये बुडबुडा राहिला तर लेव्हल चुकते तेवढं बघा.

पाण्याचा आकडा मात्र जरूर काढा. छप्पर 120 चौरस मीटर असेल आणि एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला, जो आपल्याकडे जुलैत काही नवलाचा नाही, तर नुसत्या छपरावरून 12000 लिटर पाणी उतरतं. ते कुठून वाहील ती रेघ प्लॅनवर आधी, वाफे नंतर. उताराला आडवे चिऱ्यांचे दोन बांध घाला, मधे माती धरून ठेवतील, आणि पाणी पायवाटेवरून नको, बाजूच्या चरातून काढा. सगळं अंगण काँक्रीट किंवा पेव्हर घालून बंद करू नका हो, कळकळीने सांगतो, आजकाल सगळीकडे तेच चाललंय आणि मग पाणी शेजाऱ्याच्या परसात.

जुने_गोवे_जवळची
रोपांसाठी जुने गोवे इथलं आयसीएआरचं शेती संशोधन केंद्र आहे तिथे चौकशी करा, नाहीतर पाऊस लागायच्या सुमारास म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात. पण माडाचं काम आत्ताच सुरू करायला हवं ताई. तुमच्याकडे जमिनीत जांभा दगड असणारच, जांभ्यात माडाचा खड्डा चार फूट लांब, रुंद आणि खोल काढतात आणि तळाशी 2 किलो साधं मीठ घालतात, त्याने जांभा मऊ पडतो. ते लागवडीच्या सहा महिने आधी करायचं असतं. जूनमध्ये रोप लावणार असाल तर प्लॅनवर माडांच्या दोन जागा पक्क्या करा आणि या महिन्यातच खड्डे मारून घ्या, बाकी वर्तुळं सावकाश हलवत बसलात तरी चालेल.

साखळीकर_परस
देव बरें करूं सगळ्यांचं. रविवारी नवऱ्याला टेपचं दुसरं टोक धरायला लावते. माडांच्या जागा आधी, मग सावल्या बघून बाकीचं. प्लॅन तयार झाला की इथेच टाकते, 21 डिसेंबरची सावली दाखवून.