तक्ता तासाचा नको, आठवड्याचा करा

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवताना सकाळी ८ ते १ तासागणिक वेळापत्रक आखावं का, या प्रश्नावर माझा अनुभव. आम्ही आखलं होतं. फ्रिजवरच्या त्या कागदाच्या पाठीमागे दुसऱ्याच आठवड्यात किराणा यादी लिहिली गेली. आता रोज फक्त गणित आणि मराठी वाचन, नाश्त्यानंतर तासभर. नवऱ्याची सुट्टी गुरुवारी, म्हणून आमचा रविवारही गुरुवारीच. बुधवारी लेक आजीबरोबर मंडईत जाते. पाव किलो मिरचीचा हिशेब तीच करते, आणि भाजीवाल्या मावशी मुद्दाम सुटे कमी देऊन तिची परीक्षा घेतात! बाकी विषय जमेल तसे. एनआयओएसच्या (घरी शिकून परीक्षा देता येते अशा राष्ट्रीय मुक्त शाळा मंडळाच्या) दहावीला ५ विषय पुरतात, नोंदणीही ५ वर्षं चालते, त्यामुळे सगळं एकदम कोंबायची गरज नाही. शुक्रवारची दुपार मात्र कोरी ठेवा, राहिलेलं तिथे सरकवता येतं.